मूंगफलीचा कुर्ता

चारुलता आगाशे यांच्याकडे मी खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझ्याकडून आधार कार्ड, पॅन कार्ड, कंपनीचं पत्र, दोन पासपोर्ट साइझ फोटो आणि वडिलांचा फोन नंबर घेतला. सगळं एका फाइलला लावलं, चष्मा डोक्यावर सरकवला आणि विचारलं, “भाजी कुठली आवडते?”

मी म्हटलं, “काहीही चालतं, काकू.”

“काहीही नावाची भाजी विकासनगरच्या बाजारात मिळत नाही. नीट आठवून सांग.”

मला आठवेना. चार वर्षं मेसमध्ये जे पानात पडलं ते खाल्लं होतं आणि नंतर फोनवर जे सगळ्यात वर दिसायचं ते मागवत होते. शेवटी खोली हातची जाईल या भीतीने मी तोंडाला येईल ते नाव घेतलं, दोडका. त्या दिवसापासून त्या घरात माझ्यासाठी आठवड्यातून एकदा दोडका होऊ लागला. दोडका मला बिलकुल आवडत नाही, पण तो इतक्या प्रेमाने वाढला जायचा की मी मुकाट्याने गिळायचे.

काकू मूळच्या सांगलीच्या. सदाशिवकाका रेल्वेत इंजिनियर, त्यांच्या बदलीपायी एकतीस वर्षांपूर्वी दोघं लखनौला आले आणि इथलेच झाले. काकू सरकारी बँकेत होत्या, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाल्या. बँक सुटली पण बँकेची सवय सुटली नाही. दूधवाल्या भैयाचाही फोटो आणि आधारची झेरॉक्स त्यांच्या कपाटात आहे. ‘केवायसी’ हे त्यांच्या दृष्टीने माणसावर प्रेम करण्याचं पहिलं पाऊल आहे. एकतीस वर्षांत त्यांची हिंदी मात्र लखनवी झाली नाही. “हमको तुम्हारा ये जमा नहीं हाँ,” असं त्या म्हणतात आणि समोरचा लखनवी माणूस अदबीने मान डोलावतो.

तीन वर्षांपूर्वी मी इथे आले ती नोकरीसाठी. गोमतीनगरमधल्या एका कंपनीत मी ‘कंटेंट’ करते. म्हणजे नक्की काय करते, हे काकांना अजून कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर महिन्याच्या काही दिवशी मलाही कळत नाही. इंटरनेटवर काय चाललंय ते बघायचं, तसंच काहीतरी बनवायचं, आणि तसंच बनवलंय हे कोणी म्हणालं तर त्याला ‘रेफरन्स’ म्हणायचं, असा एकूण मामला. काकूंची आणि माझी पहिली खडाजंगी यावरूनच झाली.

विकासनगरच्या मागच्या सेक्टरमध्ये बायकांचं एक केंद्र आहे. कोणी मारहाणीतून सुटून तिथे आलेली, कोणी घरातून हाकललेली, कोणी आणखी कशातून. मागचं काही विचारायचं नाही, हा तिथला नियम. एका उस्तानीने, म्हणजे मुरलेल्या कारागीर बाईने, त्यांना लखनौचं भरतकाम, चिकनकारी, शिकवली होती आणि काकू निवृत्तीनंतर तिथे बँकेचं खातं कसं चालवायचं ते शिकवायला जात होत्या. ते दोन महिन्यांत शिकवून संपलं. काकूंना सुईने बटण लावण्यापलीकडे काही येत नाही. पण त्यांना दिसलं ते असं, की अकरा जणींच्या हातात एकाहून एक सुबक टाके आहेत आणि कापडावर मात्र अकराही जणींच्या तेच एक कमळ आहे. विचारलं तर अकरा फोन पुढे आले. प्रत्येकात त्याच कमळाचा स्क्रीनशॉट.

दुसऱ्या दिवशी काकू घरातला पोळ्यांचा स्टीलचा डबा घेऊन गेल्या. दारातच सगळ्यांचे फोन त्या डब्यात. तासभर डबा बंद. मग गच्चीवर उन्हात बसायचं, फरशीवर रांगोळीचे नऊ बाय नऊ ठिपके काढायचे आणि आपल्याला हवे तसे जोडायचे. लहानपणी आईने अंगणात जशी चित्रकला शिकवली, तशीच त्यांनी इथे शिकवली. “ठिपके सब के सरीखे, जोडणी अपनी अपनी,” ही त्यांची हिंदी, आणि ती सगळ्यांना समजायची.

मी म्हटलं, “काकू, फोनवर मिनिटात हजार डिझाइन्स मिळतात.”

“म्हणून तर. हजार बघितल्यावर तुझं स्वतःचं एक कुठून येणार?”

मीही इरेला पेटले. ऑफिसमधल्या एका प्रोग्रॅमला सांगून चिकनच्या चाळीस बुट्या, म्हणजे नक्षीचे नमुने, बनवून घेतल्या, कागदावर छापल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. काकूंनी चेक तपासावेत तसे चाळीसही कागद एकेक करून तपासले. मग म्हणाल्या, “सुरेख आहेत. यातलं कुठलं कोणाला आवडलं म्हणून काढलंय?”

मी कागद परत गोळा केले. काका पेपरामागून म्हणाले, “मंजिरी, वाद घालू नकोस, मी एकतीस वर्षांपूर्वीच सोडून दिला.”

त्या अकरा जणींत सरोज होती. पस्तिशीच्या आतली, हरदोईकडच्या एका गावची. तिचा हात सगळ्यांत उजवा. मुर्री म्हणून चिकनचा तांदळाच्या दाण्याएवढा उठावाचा टाका असतो, तो ती इतका नेमका घालायची की उस्तानी बाकीच्यांना तिचं कापड दाखवायची. पण ठिपके जोडायला बसवलं की सरोज चारी बाजूंचे ठिपके सरळ रेषेत जोडून एक चौकोन काढायची आणि खडू खाली ठेवायची. आतले ठिपके तसेच.

“अंदर क्या पसंद है तुमको?” काकू विचारायच्या.

“आपको जो अच्छा लगे, दीदी.”

दर वेळी हेच. फूल काढायचं की पान? आपको जो अच्छा लगे. पांढरा दोरा की रंगीत? आपको जो अच्छा लगे. माझं ‘काहीही’ खपवून न घेणाऱ्या बाईला हे कसं सहन व्हावं? एका शुक्रवारी त्यांचा आवाज चढला आणि केंद्र चालवणारी देविका त्यांना बाजूला घेऊन गेली.

देविका लखनौचीच, पन्नाशीची, बोलायला तोडून टाकणारी. तिने केंद्राचा नियम त्या दिवशी एकदाच मोडला. सरोजला एकोणिसाव्या वर्षी ब्यूटी पार्लरमधल्या नोकरीचं आमिष दाखवून आणलं आणि देहविक्रीच्या धंद्यात लोटलं. बारा वर्षं. शेवटची काही वर्षं तर कोठा नाही, गल्ली नाही, सगळं फोनवरून. एक फोटो, एक नंबर, रोज नवा पत्ता. “दीदी, उसका काम ही यही था,” देविका म्हणाली. “सामने वाले को जो अच्छा लगे.”

काकू त्या दिवशी घरी आल्या त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. त्यांना भयंकर राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून तो भाकरीवर निघाला. करपलेल्या भाकरीचा तुकडा मोडत त्या मला म्हणाल्या, “पोटाचे आजार, अंगावरच्या खुणा, त्यावर औषधं चालू आहेत. झोप लागत नाही. पाठीमागून कोणी आलं की हातातलं सांडतं, हे मी पाहिलंय, मला वाटायचं धांदरट आहे. पण मंजिरी, रोज अनोळखी माणसांना जे आवडेल ते मलाही आवडतंय असं बारा वर्षं दाखवायचं. मग आपल्याला काय आवडतं हा प्रश्नच आत बंद पडतो. आणि मी मठ्ठ बाई दर आठवड्याला तिला तोच प्रश्न विचारतेय.”

इथे एक गोष्ट मी आधीच सांगून टाकते. आम्हाला ती उशिरा कळली, पण वाचणाऱ्याला कोड्यात ठेवायचा मला कंटाळा आहे. सरोजला या शहरात एकच गोष्ट हवी होती, तिचा चेहरा तिच्या जुन्या आयुष्याशी कोणी जोडू नये. केंद्रातून बाहेर जाता-येता तिची ओढणी नाकापर्यंत असायची. ग्रुप फोटो काढायची वेळ आली की ती स्वतः पुढे होऊन फोन हातात घ्यायची. आम्हाला वाटायचं, लाजाळू आहे, थंडी आहे.

पुढच्या मंगळवारी काकूंनी प्रश्न फिरवला. सगळ्या जणी खाली चहाला गेल्या तेव्हा त्या सरोजशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “पसंद का छोड दो. तुमको क्या पसंद नहीं, वो बोलो.”

सरोजने हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाली, “ये कमल.”

“अच्छा. और?”

“कैरी वाली बूटी भी.” मग थोडं थांबून, “गुलाब वाला रूम फ्रेशनर.” मग जरा भरभर, “पीच रंग. एसी की ठंडक. कोई जान कहके बुलाए वो. बंद खिड़की. इलायची वाली चाय, दीदी, यहाँ रोज बनती है, हमको नहीं पसंद.”

काकूंनी पर्समधली डायरी काढली आणि एकेक गोष्ट लिहून घेतली. सत्तावीस झाल्या. त्या दिवसापासून केंद्रात एक कप चहा बिनवेलचीचा होऊ लागला. घरी येऊन त्यांनी ही युक्ती मला इतक्या अभिमानाने सांगितली की मीही धीर एकवटून म्हणाले, “काकू, मला दोडका आवडत नाही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “तीन वर्षं?”

“तीन वर्षं.”

“मलाही नाही आवडत,” काका पेपरामागून म्हणाले.

सत्तावीस गोष्टींवर काट मारल्यावर उरलेल्यात सरोजला काहीतरी सापडलं. जानेवारीच्या सुरुवातीला तिने पहिल्यांदा चौकोनाच्या आतले ठिपके जोडले. आम्ही वाकून बघितलं, तर भुईमुगाच्या शेंगा. दोन फुगे, मध्ये कंबर, वर जाळी. लखनौच्या थंडीत प्रत्येक वळणावर ठेला असतो, भाजलेल्या मूंगफलीची पुडी आणि सोबत हिरव्या चटणीचं मीठ. सरोज म्हणाली, गावी थंडीत बाबा शेतातून आणायचे, चुलीत भाजायचे, सगळे भोवती बसून फोडायचे. हे सांगताना तिचं तिलाच नवल वाटत होतं. “ये हमको पसंद था,” ती म्हणाली, आणि मग दुरुस्त केलं, “पसंद है.”

शेंगेच्या टरफलाला चिकनची जाली, म्हणजे जाळीचा टाका, अशी शोभली की जणू ती त्यासाठीच होती, आणि आतल्या दाण्यांना तिची मुर्री. काकू चौक नावाच्या जुन्या बाजारात कापडावर नक्षी छापायचा लाकडी ठप्पा करून घ्यायला गेल्या तर ठप्पेवाले मियाँ चिंतेत पडले. “दीदी, सारी दुनिया कैरी बनवाती है. मूंगफली कौन पहनेगा?” काकू म्हणाल्या, “जो खाता है वो पहनेगा.” निळ्या रंगात छापलेल्या त्या शेंगा घेऊन आलेल्या काकू मी कधी विसरणार नाही. शाखेला पहिला नंबर मिळाल्यावरही त्यांच्या चेहऱ्यावर असं काही नव्हतं, असं काका म्हणाले.

आणि यानंतर आम्ही दोघींनी मिळून घोळ घातला.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी गोमतीनगरमध्ये हस्तकलांचं एक प्रदर्शन होतं आणि केंद्राला तिथे टेबल मिळालं. काकूंच्या डोक्यात आलं की प्रत्येक कपड्याला एक कार्ड हवं. करणारीचं नाव, वय, गाव आणि फोटो. “घेणाऱ्याला कळायला नको कोणी केलंय? बँकेत फोटो सक्तीचे झाल्यापासून बिनफोटोचा एक फॉर्म मी घेतला नाही.” माझ्या धंद्यात याला वेगळं नाव आहे, तेवढंच. वस्तूमागची गोष्ट विकते, हे मी रोज दहा लोकांना सांगते. मी म्हटलं, कार्डं मी करते आणि केंद्राच्या पानावर व्हिडिओही टाकते.

देविका तेव्हा आठवडाभर एका प्रशिक्षणाला दिल्लीला गेली होती. तिला विचारायचं आम्हाला सुचलं नाही. बायकांना विचारलं. दहा जणी खुशीने हो म्हणाल्या, एकीने तर लिपस्टिक आणायला वेळ मागितला. सरोजला विचारलं तेव्हा ती सुईत दोरा ओवत होती.

“आपको जो अच्छा लगे, दीदी,” ती म्हणाली.

आणि काकूंनी यादीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. ज्या बाईने या वाक्याचा अर्थ मला भाकरी करपवून समजावला होता, तिने. आणि मी, जिला तो समजला होता, फोन काढून सरोजची ओढणी जरा खाली घ्यायला सांगितली. तिने घेतली. फोटो छान आला. आजही तो आठवला की मला लाज वाटते, कारण आता मला त्यात दिसतं की ती हसते आहे ते सांगितलं म्हणून.

गुरुवारी दुपारी मी व्हिडिओ टाकला. बाकी दहा जणींना ठीकठाक दाद मिळाली, पण मूंगफलीवर लोक तुटून पडले. शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात बसून खूश होत प्रतिक्रिया वाचत होते, आणि मध्येच एका माणसाने लिहिलेलं दिसलं, ‘रूबी, नंबर बदल लिया क्या?’ मला वाटलं माणूस चुकला. त्याखाली दुसऱ्याने हसण्याची चिन्हं टाकली होती. तिसऱ्याने एका जुन्या जाहिरातीचा तुकडा चिकटवला होता. त्यात बारा-तेरा वर्षांनी लहान सरोज होती, खाली रूबी असं नाव आणि एक नंबर.

मी व्हिडिओ काढून टाकला. तो बावीस तास तिथे होता. शेजारचा सहकारी विचारत होता की एवढी व्हायरल गोष्ट का काढतेस.

काकूंना घेऊन केंद्रात पोहोचले तर सरोज वर्गात नव्हती; त्या प्रतिक्रिया तिने सकाळीच एकीच्या फोनवर पाहिल्या होत्या. वरच्या खोलीचं दार आतून बंद, आणि तिच्या खोलीत राहणारी म्हणाली, पिशवी भरलीय, दुपारच्या बसने जाणार आहे. कुठे, ते सांगत नाही. देविकाचा दिल्लीहून फोन आला. तिने आम्हा दोघींना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. शेवटी ती म्हणाली, “वो जाएगी तो ऐसे ही किसी के भरोसे जाएगी, और ऐसे लोग उसको एक ही तरह के मिले हैं.”

काकू जिना चढून वर गेल्या आणि सरोजच्या दारासमोर जमिनीवर बसल्या. गुडघ्यांच्या दुखण्याने त्या एरवी पूजेलाही खुर्चीवर बसतात. मी खाली पायरीवर.

“सरोज,” त्या म्हणाल्या, “गलती मेरी है. तुमने हाँ नहीं बोला था. मैंने लिख लिया.”

त्यांनी दारावर हात टेकवला.

“मेरे को मालूम था तुम ये कब बोलती हो. फिर भी मैंने सुना नहीं. मेरे को फॉर्म भरने का था.”

कडी सरकली. दार चार बोटं उघडलं. सरोजचा चेहरा मला दिसला नाही, आवाज मात्र शांत होता, मला अपेक्षित होता त्याच्यापेक्षा फार शांत.

“दीदी, नौ नाम रखे गए हमारे. फोटो एक ही चलती रही. हम निकल आए, फोटो नहीं निकली. तीन साल से हम देख-देख के चलते हैं कि कौन पहचान लेगा.” मग म्हणाली, “आप पे गुस्सा है. बहुत है.”

“होना चाहिए,” काकू म्हणाल्या.

“वहाँ ना कहने पे मार पड़ती थी. यहाँ कोई नहीं मारता, हमको मालूम है. फिर भी मुँह से वही निकलता है.”

काकू रडत होत्या. पदराने डोळे पुसून त्यांनी पर्समधून डायरी काढली. मला वाटलं, या बाईला आत्ता काय लिहायचंय. त्यांनी सत्तावीस गोष्टींचं पान उघडलं आणि पेन दाराच्या फटीतून आत दिलं.

“आगे का तुम लिखो. क्या नहीं चाहिए.”

सरोजला फार लिहिता येत नव्हतं. तिने वेळ घेऊन चार शब्द लिहिले. फोटो, नाम, गाँव, उमर. डायरी परत दिली आणि दार तसंच चार बोटं उघडं ठेवून म्हणाली, “मूंगफली जाएगी, दीदी. मूंगफली हमने बनाई है.”

बस गेली. पिशवी भरलेलीच राहिली, पण ती राहिली.

त्या संध्याकाळी काकूंनी अकराही कार्डं फाडली. ज्या दहा जणी खुशीत होत्या त्या नाराज झाल्या. लिपस्टिकवाली तर फारच. मी म्हटलं, काकू, पण कोणी केलंय हे कळायला काहीतरी हवंच ना. काकू पोळ्या लाटता लाटता थांबल्या. “बँकेत फोटो आले ते नंतर. आधी काय होतं? नमुना सही. खातं उघडताना माणूस एका कार्डावर सही करून द्यायचा. ती त्याने ठरवायची. कोणाची साधी, कोणाची नक्षीदार, एका शेतकऱ्याची तर नुसती दोन टिंबं आणि रेघ होती. चेहरा कोणी विचारत नव्हतं, सही जुळली की झालं.”

शनिवारी वर्गात पांढऱ्या कापडाची एक लांब पट्टी पसरली होती. प्रत्येकीने त्यावर आपली सही टाक्यांत काढायची, आणि तीच कपड्याच्या आतल्या कडेला. फोनचा डबा बंद. एकीने चमचा काढला, एकीने मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर. लिपस्टिकवालीने लिपस्टिकच काढली आणि तिचा राग गेला. सरोज सगळ्यांत शेवटी आली. एक मुर्री घातली आणि तिच्यापासून जरा अंतरावर एक फंदा, म्हणजे बाजरीएवढी गाठ. बस्स, एवढंच.

पट्टीखाली काकूंनी वहीत रकाने आखले होते. सहीचा नमुना, आणि शेजारी ‘अर्थ’. दहा अर्थ भरले होते.

“इसका मतलब?” त्यांनी पेन उघडून विचारलं.

सरोज म्हणाली, “नहीं बताएँगे.”

मी काकूंकडे बघितलं. एक रकाना रिकामा ठेवून या बाईने कधी पान उलटलेलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि वही मिटली.

मी तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत त्या जाहिरातींची तक्रार करते. देविकाने पोलिसांत अर्ज दिलाय. चार पानं इंटरनेटवरून गेली, दोन पुन्हा उगवली. त्यांचीही तक्रार केली आहे. हे केव्हा संपेल ते मला माहीत नाही, आणि संपेल असं मी सरोजला सांगितलेलं नाही.

रविवारी प्रदर्शनाला सरोज आली नाही. तिने यायचं नाही ठरवलं होतं आणि तसं स्वतः सांगितलं होतं. मूंगफलीचा कुर्ता टेबलामागे मधोमध टांगला होता. धुलाईत निळा ठप्पा निघून गेलेला, आता फक्त तिचे टाके. लोक थांबायचे, हसायचे, जवळ येऊन बघायचे आणि मग हसायचे नाहीत. दुपारी गोमतीनगरमधल्याच एक बाई आल्या, हातात फोन, फोनवर कमळ.

“काम बहुत महीन है,” त्या म्हणाल्या. “यही हाथ चाहिए. बस मूंगफली की जगह ये कमल डलवा दीजिए. छह पीस.”

सहा म्हणजे केंद्राला तोवर मिळालेली सगळ्यात मोठी ऑर्डर. जुन्या काकूंनी पेन उचललंच असतं. या काकूंनी त्या बाईंना खुर्ची दिली, “करने वाली को पूछना पडेगा हाँ,” म्हणाल्या, आणि केंद्रात फोन लावला. सगळं सांगितलं. कमळ, सहा पीस, त्यांना तुझाच हात हवाय. आणि मग गप्प राहिल्या. एवढा वेळ गप्प राहणं त्यांना किती जड जात होतं ते त्यांच्या पायाच्या हलण्यावरून मला दिसत होतं.

फोन स्पीकरवर नव्हता, पण मी अगदी शेजारी होते.

“नहीं, दीदी,” सरोज म्हणाली. मग थोड्या वेळाने, सुईचं टोक दातात धरून बोलावं तसं, “उनको जो अच्छा लगे, वो किसी और से बनवा लें.”

काकूंनी फोन ठेवला. त्या बाईंकडे वळल्या आणि शाखेत नव्या शाखाधिकाऱ्याचं नाव जाहीर करावं तशा ताठ उभ्या राहून म्हणाल्या, “उसने मना किया है.”